प्रश्न उद्भवत नाही

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील अंगणवाडी सेविका, आशा आणि वाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेले भाषण.)



विधानसभेत विचारला जाणारा प्रश्न तुमच्यापैकी किती जणींनी मुळातून वाचला आहे? वर्तमानपत्रात येते ती बातमी मी म्हणत नाही, छापील प्रश्न म्हणते. दोनतीन हात वर दिसतात. मग आधी तोच समजून घेऊ.

या प्रश्नाची भाषा ठरलेली असते. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात. मग उपप्रश्न. एक : अमुक तालुक्यात अमुक महिन्यांत कुपोषणामुळे इतकी बालके दगावली, हे खरे आहे काय? दोन : असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय? तीन : असल्यास, चौकशीत काय आढळून आले? चार : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराची भाषाही तितकीच ठरलेली. पहिल्याला 'हे खरे नाही.' आणि दोन, तीन, चार या सगळ्यांना मिळून एकच ओळ, 'प्रश्न उद्भवत नाही.'

आपली पहिली प्रतिक्रिया असते की सरकार खोटे बोलते आहे. कधीकधी बोलतेही. पण बहुतेक वेळा उत्तर लिहिणाऱ्या कारकुनाच्या किंवा अधिकाऱ्याच्या हाती जो कागद असतो त्यात तसेच लिहिलेले असते. 'कुपोषणामुळे' हा शब्द आपणच प्रश्नात घातला. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात डॉक्टर लिहितात न्यूमोनिया, जुलाब, जन्मतः कमी वजन, ताप. धड पोसलेले मूल ज्या न्यूमोनियातून उठून आठ दिवसांत अंगणात खेळते, त्याच न्यूमोनियात आपल्या वाडीवरचे सहा किलोचे दोन वर्षांचे मूल जाते. कागदावर दोघांचा आजार एकच. म्हणून कुपोषणाने मेलेल्या मुलांचा आकडा शून्य येतो, आणि शून्य आला की पुढचे तिन्ही उपप्रश्न मांडवाचा खांब काढल्यासारखे खाली बसतात.

तोच प्रश्न असा विचारला तर? कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गेल्या वर्षभरात शून्य ते सहा वयोगटातील एकूण किती बालके मरण पावली? महिनावार किती? मुलगे किती, मुली किती? त्यांतील प्रत्येकाचे मृत्यूपूर्वीचे शेवटचे वजन कोणत्या महिन्यात घेतले होते आणि ते कोणत्या श्रेणीत होते? किती बालकांचे वजन घेतलेच नव्हते? यात कुपोषण हा शब्द कुठेही नाही. पण याला 'हे खरे नाही' असे उत्तर देता येत नाही. आकडा द्यावा लागतो, नाहीतर माहिती नाही असे सभागृहात लिहून द्यावे लागते. दोन्ही आपल्या उपयोगाचे.

हा वाद नवा नाही. १९९२ साली जव्हार-मोखाड्यात, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, वावर-वांगणीची मुले गेली तेव्हाही मुले कशाने गेली यावरच शब्दांचा कीस पडला. पुढे मेळघाटात तेच. मग राज्यातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू स्वतः मोजले आणि डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला. त्यांनी काय केले ते नीट लक्षात घ्या. कुपोषणाने किती मेली, या वादात ते शिरले नाहीत. मुले एकूण किती जन्मली आणि एकूण किती गेली, एवढेच मोजले. त्यातून दिसले की बालमृत्यूंचा मोठा भाग सरकारी नोंदीत येतच नव्हता. पुढे सरकारला बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. वहीत लिहिलेल्या साध्या बेरजेने हे घडवले.

आता अलीकडचे बघा. २०२५ साली महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी, त्या तर आपल्याच जिल्ह्यातल्या, विधिमंडळात लेखी उत्तरात आकडे दिले. पोषण ट्रॅकरवरील नोंदीप्रमाणे राज्यात ३०,८०० बालके तीव्र कुपोषित आणि १,५१,६४३ मध्यम कुपोषित. मोजलेल्या बालकांत तीव्र कुपोषितांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. आता दुसरा सरकारी आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांत उंचीच्या मानाने वजन अतिशय कमी असलेली मुले १०.९ टक्के निघाली. म्हणजे नऊ मुलांमागे एक. एका कागदावर शंभरात एकही नाही आणि दुसऱ्यावर नवात एक. दोन्ही कागद सरकारचेच.

मधल्या वर्षांत थोडी सुधारणा झाली असेल. पाहणी करणारे प्रशिक्षित लोक नमुन्यातल्या निवडक घरी जाऊन मोजतात, ट्रॅकरमध्ये अंगणवाडीत आलेली मुले भरली जातात, हाही फरक आहे. वयोगट अगदी एकच असतो असेही नाही. पण एवढ्याने एकाचे दहा होत नाहीत. आणि म्हणून आमदाराने नुसते 'तीव्र कुपोषित बालके किती' असे विचारून भागत नाही. नोंदलेली मुले किती, त्यांतील उंची आणि वजन दोन्ही घेतलेली किती, हे त्याच दमात विचारायला हवे. ज्याचे मोजमाप झाले नाही ते मूल ट्रॅकरवर कुपोषित नसते. ते नुसते नसते.

हा आकडा जन्माला कुठे येतो? या खोलीत बसलेल्या बायकांच्या हातून. आमदार सभागृहात उभा राहतो, मंत्री उत्तर देतात, सचिवांच्या हाती टिपण असते, आयुक्तालयाकडून तक्ता आलेला असतो, तो जिल्हा परिषदेकडून, तिच्याकडे प्रकल्प अधिकाऱ्यांकडून, त्यांच्याकडे पर्यवेक्षिकेकडून, आणि सगळ्यात खाली तुम्ही. तुम्हाला पगार नाही, मानधन आहे. २०२१ साली राज्यभरच्या सेविकांनी सरकारला मोबाइल परत केले, आठवते ना? ॲप इंग्रजीत आणि फोन जुनाट. तेव्हा काहीजण हसले की बायकांना मोबाइल वापरता येत नाही. ज्या भाषेत आपण बोलत नाही त्या भाषेत मुलाचे वजन भरायचे, आणि तो आकडा चुकला तर जबाबदार आपण, हे आम्हाला मान्य नाही, असे त्या म्हणत होत्या. २०२३ च्या डिसेंबरात संप झाला तो जानेवारीतही चालू राहिला. त्या दिवसांचे आकडे कोणी कसे भरले, हा एक चांगला तारांकित प्रश्न झाला असता.

आणखी एक सांगते, इथे सगळ्या आपल्याच आहोत म्हणून. जिच्या अंगणवाडीत तीव्र कुपोषित मुले जास्त दिसतात तिलाच खुलासा विचारला जातो. जिने बरोबर मोजले ती अडचणीत, जिने काट्यावर डोळे मिटले ती सुखात. असे वर्षानुवर्षे चालले तर काटा आपोआप नरम होतो. यात सेविकेला दोष देणारे खूप आहेत, मी त्यांत नाही. पण नरम काट्यावरचा आकडा घेऊन वाडीला जादा आहार मिळत नाही, बालविकास केंद्र उघडत नाही, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता या भागाकडे वळू. सरकारच्या कागदावर गाव असते. महसुली गाव. आपण राहतो वाडीवर. ठाकूरवाडी, कातकरवाडी, धनगरवाडा. गावाचा आकडा म्हणजे गावठाण, दुकाने, रस्त्याकडची घरे, नवी फार्महाऊसे आणि शेवटी वाडी, सगळ्यांची सरासरी. सरासरीत वाडी विरघळते. विजेचे उदाहरण घ्या. खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. इथल्या घाटावरून पाणी पडायचे आणि मुंबईच्या गिरण्या चालायच्या. आणि देशात कितीतरी वर्षे गावाच्या हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत म्हणून मोजले जायचे. २००४ नंतर व्याख्या बदलली, तरी शंभरातल्या दहा घरांत वीज आली की पुरे होते. उरलेली नव्वद घरे कोणाची असतात ते सांगायला नको.

पण व्याख्येने माणसे मरतात हे आपण खालापुरात पाहिले. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळ इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. विधिमंडळाचे अधिवेशन चालूच होते. दुसऱ्या दिवशी सभागृहात निवेदन झाले. वाडीत ४८ कुटुंबे, लोकसंख्या २२८. आणि त्याच निवेदनात आले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. आश्रमशाळेत होती ती मुले वाचली, घरी आली तेव्हा कितीजणांना घर नव्हते, आईबाप नव्हते.

त्या यादीचा विचार करा. १९ जुलैच्या आधी एखाद्या आमदाराने विचारले असते, 'खालापूर तालुक्यातील दरडप्रवण गावे किती व त्यांसाठी काय उपाययोजना केली?' तर यादीप्रमाणे नेमके उत्तर मिळाले असते. ते खोटे नसते. आणि इर्शाळवाडी त्यात नसती. विचारायला हवे होते ते हे, की डोंगरउतारावर वसलेल्या वाड्या एकूण किती, त्यांतील किती वाड्यांची पाहणी झाली, कोणत्या वर्षी झाली, आणि न झालेल्या वाड्यांची नावे काय? यादीत काय आहे याच्या जोडीला यादी करणारा कुठपर्यंत चालत गेला, हे विचारायला हवे. आपल्या जिल्ह्यात २००५ साली जुई-दासगाव झाले, २०२१ साली तळीये झाले. मध्ये २०१४ साली डोंगरापलीकडे माळीण. प्रत्येक वेळी यादीची चर्चा गाव गाडले गेल्यावर झाली.

मतदारसंघाचेही एक त्रांगडे आहे ते ध्यानात ठेवा. कर्जत मतदारसंघात कर्जत तालुका आणि खोपोली, खालापूरकडचा भाग. पण खालापूर तालुक्यातलाच चौककडचा भाग उरण मतदारसंघात मोडतो. तहसील एक, आमदार दोन. त्यामुळे तालुक्याचा पूर्ण आकडा कोणा एकाची गरज नसते. अर्थात प्रश्न विचारायला आपल्याच आमदाराने तयार व्हायला हवे असे मुळीच नाही. दोन्ही सभागृहांतला कोणीही सदस्य कुठल्याही तालुक्याबद्दल विचारू शकतो. आपला आमदार सत्तेत असेल तर त्याला अडचण होते, मग दुसरा गाठायचा. यात पक्ष बघत बसू नका.

आता जे मूल कुठल्याच यादीत बसत नाही त्याच्याकडे येऊ. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. कोणी पनवेल-कल्याणकडे, कोणी पार घाटावर. आगाऊ उचल घेतलेली असते, जावेच लागते. शिमग्याच्या सुमाराला किंवा पाऊस तोंडावर आला की परत. ते सहा महिने मूल इथल्या पटावर 'स्थलांतरित' असते आणि तिथल्या पटावर नसते. मूल भट्टीवर गेले, तर कायद्याने मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे व्हायची, २१ दिवसांच्या आत. भट्टीच्या मालकाला त्यात रस नाही. आईबापांना तिथले ग्रामपंचायतीचे कार्यालय कुठे आहे तेही ठाऊक नाही. कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवर बाळंतपणांची माहिती लिहून घेताना एका बाईने मला चार मुले सांगितली, आणि अंगणात दिसत होती तीन. मी विचारले तेव्हा म्हणाली, "एक भट्टीवर ऱ्हायला." मला वाटले कोणा नातेवाइकाकडे ठेवले असेल. थोड्या वेळाने कळले. ते मूल जन्माच्या नोंदीत होते, पटावर स्थलांतरित होते, मृत्यूच्या नोंदीत कुठेच नव्हते. कागदावर ते अजून वाढते आहे.

'ऑक्टोबरमध्ये पटावर असलेली आणि जूनमध्ये पटावर नसलेली बालके किती, व ती कुठे आहेत?' हा प्रश्न मी आजवर कुठल्याही छापील यादीत पाहिलेला नाही. तो आपण देऊ.

याच्यापुढे मला थोडे सावकाश बोलायचे आहे, कारण 'वाडीनिहाय आकडे द्या' ही मागणी दुधारी आहे. पंचवीस घरांच्या वाडीवर 'अल्पवयीन माता : एक' असे लिहिले तर ते नाव लिहिल्यासारखेच झाले. आमच्या मुलींची लग्ने लवकर होतात, हे आपण इथे कबूल करतो, कागदावर करत नाही. आशाताई वय विचारते, सासू एकोणीस सांगते, सगळ्यांना माहीत असते सोळा. खरे लिहिले तर बालविवाहाचा कायदा आहे, २०१२ चा पॉक्सो आहे, दवाखान्याला पोलिसांना कळवावेच लागते. नवरा अठरा-एकोणीसचा, तो आत जातो. म्हणून मुलगी दवाखान्यात येतच नाही, घरी बाळंत होते, आणि तिचे रक्त कमी आहे हे कोणाला कळत नाही. २०२२ साली उच्च न्यायालयात सरकारनेच १६ आदिवासी जिल्ह्यांच्या पाहणीचे आकडे दिले. तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह. दगावलेल्या ६,५८२ बालकांपैकी ६०१ बालकांच्या आया बालविवाह झालेल्या. कोर्टाने विचारले तेव्हा पाहणी झाली, तोवर हा आकडा कुठल्याच खात्याचा नव्हता. पण त्या पाहणीत वय चोरलेल्या किती राहिल्या असतील?

माझे मत असे : मृत्यू, वजन, पाणी, रस्ता, दरड हे वाडीनिहाय मागावे. बाळंतिणीचे वय, गर्भपात, हिंसा, एकटी बाई हे तालुक्याच्या एकत्रित आकड्याखाली नेऊ नये. आमदाराच्या हाती कधीही नावांची यादी द्यायची नाही. त्याचा स्वीय सहायक ती कोणाला दाखवेल याचा भरवसा नाही, आणि बातमी व्हावी म्हणून आपल्या मुलीला कोर्टात उभे करायचे काम आपले नव्हे. काहीजणींना हे पटणार नाही. लपवल्याने प्रश्न वाढतो, असे म्हणतील. दुपारच्या गटचर्चेत भांडू या.

आमदार आकड्यांवर किती करू शकतो याचे एक जुने उदाहरण देऊन कामाकडे येते. १९८० नंतर मुंबईत गर्भजल परीक्षा करून मुलींचे गर्भ पाडले जात होते. बायकांच्या संघटना ओरडत होत्या. असे प्रकार तुरळक आहेत, म्हणून सोडून देणे सोपे होते. लिंगनिदानाविरुद्ध मंच उभा राहिला, मृणाल गोरे यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणले, आणि त्याच सुमाराला, १९८६ साली, राज्याच्या आरोग्य खात्याने डॉ. संजीव कुलकर्णी यांच्याकडून मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी करून घेतली. ५० पैकी ४२ डॉक्टर ही परीक्षा लिंग ओळखण्यासाठी करत होते. तुरळक हा शब्द तिथे संपला. १९८८ साली महाराष्ट्राचा कायदा झाला, देशातला पहिला. पुढे केंद्राचा १९९४ साली. कायद्याने सगळे थांबले नाही, राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. त्यानंतरची जनगणना २०२१ ला व्हायची ती झालीच नाही. त्यामुळे रेशनचा राज्याचा इष्टांक अजून २०११ च्या लोकसंख्येवर बांधलेला आहे, आणि नवे शिधापत्रक मागायला गेलेल्या बाईला तहसीलमध्ये 'इष्टांक पूर्ण' असे ऐकावे लागते. तीही एक वाडीनिहाय यादी करता येईल.

आता काम. अधिवेशनाच्या बरेच आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचे, तीस दिवस धरून. त्यातून मिळालेला आकडा आणि आपल्या वहीतला आकडा शेजारी ठेवून मग प्रश्न बांधायचा. तासाभरात मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात, पण बाकीच्यांची उत्तरेही छापली जातात, ती मिळवायची. उत्तरात मंत्र्यांनी 'तपासून कार्यवाही करू' म्हटले तर ते आश्वासन असते. विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, तिला तारखेसह पत्र लिहायचे. आणि उत्तर हाती आले की ते वाडीवर नेऊन मोठ्याने वाचायचे. तिथल्या बायका एका मिनिटात सांगतात काय चुकले.

मी एका वहीचे पान आखून आणले आहे, ते फिरवते. सात रकाने आहेत : वाडी, महिना, पटावरची मुले, वजन घेतलेली, भट्टीवर गेलेली, परत आलेली, गेलेली. शेवटचे दोन शब्द सारखे दिसतात म्हणून सातव्या रकान्यात 'मृत' असे स्पष्ट लिहा. ज्या आपल्या वाडीचे पान भरणार आहेत त्यांनी मागच्या बाजूला फक्त वाडीचे नाव टाका, स्वतःचे नको. खांडस, कशेळे, कळंबकडच्या बायका डावीकडे बसल्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. चौककडच्या पानावर कोपऱ्यात 'उरण' लिहायचे आहे, ते विसरू नका.